अस्वलाच्या शिकारीचा बेत आणि त्यातून वगळलेली मादी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील काळ्या अस्वलाच्या शिकारीचा बेत कसा आखावा, या विषयावर पानभर लेख प्रसिद्ध झाला. विषय आपल्या वाचकांच्या सवयीचा नाही आणि तो छापल्याबद्दल माझी तक्रारही नाही. शिकारीचे नाव निघाले की नाक मुरडायचे, एवढ्यावरच आपल्याकडची चर्चा बहुधा संपते. या लेखामुळे निदान ती पुढे सरकली. माझे म्हणणे वेगळे आहे. बंदूक कोणत्या बनावटीची घ्यावी, पायात बूट कसे असावेत, मचाण किती उंचीवर बांधावे आणि विमानाचे तिकीट कधी काढावे, हे सारे त्या मजकुरात आले; मात्र जिच्याभोवती या शिकारीचा संपूर्ण बेत आखला जातो, त्या अस्वलाच्या मादीचा त्यात एकदाही उल्लेख नाही. ठाण्यातील एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळे ही उणीव मला इतरांपेक्षा थोडी अधिक खटकली असेल. पण ती किरकोळ नाही, आणि ती का किरकोळ नाही हे सविस्तर सांगण्याची परवानगी आपण द्यावी, अशी विनंती आहे.

आधी छायाचित्राबद्दल. लेखासोबत छापलेले अस्वल अमेरिकेतले नाही. खांद्यावर अस्ताव्यस्त लोंबणारे लांब केस, पुढे आलेले फिकट तोंड, लोंबता खालचा ओठ आणि बोटभर लांबीची बाकदार नखे ही आपल्या भारतीय अस्वलाची ओळख आहे. वारुळे फोडून वाळवी खाणारे आणि मोहाच्या हंगामात झाडाखाली पडलेली फुले वेचणारे हे जनावर भारत, नेपाळ आणि श्रीलंकेत राहते. मेळघाटात, ताडोब्यात, गडचिरोलीत आणि बुलढाण्याजवळच्या ज्ञानगंगा अभयारण्यात ते आहे, अमेरिकेत नाही. अमेरिकेतील काळ्या अस्वलाचे केस आखूड व दाट, नखे आखूड आणि झाडावर चढण्याजोगी, तर मुस्कट तपकिरी असते; काही भागांत तर त्याचा रंगही काळा नसून दालचिनीसारखा असतो. चूक केवळ शास्त्रीय असती तर मी पत्र लिहिले नसते. आपण ज्या जनावराचे चित्र शिकारीच्या लेखाला जोडले, ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्याच्या शिकारीला तीन ते सात वर्षांच्या कैदेची शिक्षा आहे. विदर्भातला एखादा उत्साही वाचक ते पान कापून ठेवेल, तर त्याच्या मनात काय समजूत घट्ट होईल, याचा विचार संपादकीय विभागाने करायला हवा होता.

आता मूळ मुद्दा. काळ्या अस्वलांची जोडी जून-जुलैत जमते, पण मादीच्या पोटातले फलित बीज तेव्हा वाढत नाही. ते काही महिने गर्भाशयात तसेच तरंगत राहते आणि नोव्हेंबरच्या सुमारास, मादीच्या अंगावर पुरेशी चरबी साठलेली असेल तरच, गर्भाशयाच्या भिंतीला चिकटते. चरबी कमी पडली, तर ते विरून जाते आणि त्या वर्षी पिल्ले होत नाहीत. म्हणूनच सप्टेंबर-ऑक्टोबरात अस्वल दिवसाकाठी २०,००० कॅलरीपर्यंत अन्न पोटात ढकलत असते. थंडीत मादी ढोलीत, खडकाच्या कपारीत किंवा उन्मळलेल्या झाडाच्या मुळांखाली शिरते. जानेवारीच्या आसपास, काही न खाता-पिता, ती दोन किंवा तीन पिल्लांना जन्म देते. जन्मतः पिल्लू पाव-अर्ध्या किलोचे असते. ते पुढचा संपूर्ण उन्हाळा आणि त्यानंतरची थंडीही आईजवळ काढते, त्यामुळे मादी पुन्हा माजावर येते ती एक वर्ष सोडून. थोडक्यात, प्रौढ मादी हे मुद्दल आहे आणि एकटे भटकणारे तरुण नर हे त्यावरचे व्याज आहे. व्याज खाल्ले तरी भागते. मुद्दलाला हात लागला, की पुढची पाच-दहा वर्षे भरपाई होत नाही.

शिकारीच्या तारखा ठरतात त्या या हिशेबाने. गाभण मादी सर्वांत आधी बिळात शिरते, पिल्लांसह असलेल्या माद्या त्यानंतर आणि मोठे नर सर्वांत शेवटी. त्यामुळे हंगाम जितका नोव्हेंबरच्या अखेरीकडे सरकवावा, तितक्या अधिक माद्या बंदुकीच्या वाटेतून बाजूला होतात. वसंत ऋतूत हा क्रम उलटा होतो : नर आधी बाहेर पडतात, लेकुरवाळी मादी उशिरा. तरीही वसंतातल्या शिकारीत दूध पाजणाऱ्या माद्या सापडत आणि मागे राहिलेली पिल्ले उपाशी मरत, या कारणावरून कोलोरॅडो राज्यातील मतदारांनी १९९२ मध्ये वसंत ऋतूतील शिकार, आमिष आणि कुत्री या तिन्हींवर सार्वमताने बंदी आणली. शिकार मात्र बंद केली नाही. शरदातली शिकार तेथे आजही होते. आपल्या लेखात हंगामाच्या तारखा जणू हवामान बघून ठरवल्याप्रमाणे आल्या आहेत. प्रत्यक्षात त्या बिळाचा दरवाजा कोण आधी बंद करते, हे पाहून ठरतात.

आणि हे सारे ओकच्या झाडांवर अवलंबून असते. ज्या वर्षी ओकला आणि बीचला भरपूर फळ धरते, त्या वर्षी अस्वले बिळात जाण्याची घाई करत नाहीत, माद्याही उशिरापर्यंत बाहेर राहतात आणि मारल्या जाण्याची शक्यता वाढते. फळ गेले, तर सगळी लवकर आत जातात आणि शिकारी रिकाम्या हाताने परततात. बेत आखणाऱ्याला म्हणून जनावराआधी झाडे ओळखावी लागतात.

माझी लेक आणि जावई पेनसिल्व्हेनियात राहतात. त्यांच्याकडे मी शरद ऋतूत मुक्कामाला असताना, शेजारच्या गृहस्थांकडे त्यांच्या शिकारी मंडळींची बैठक भरली होती आणि मला ती बसून ऐकता आली. टेबलावर डोंगराचा मोठा नकाशा पसरलेला होता. त्यावर पेन्सिलीने केलेल्या खुणा अस्वलांच्या असतील, असा माझा समज. पण त्या झाडांच्या होत्या. कोणत्या उतारावर पांढऱ्या ओकला यंदा फळ आहे, कोणत्या ओढ्याकाठच्या रानचेरीच्या शेंड्याकडच्या फांद्या मोडून खाली ओढलेल्या आहेत, कोणत्या बीचच्या बुंध्यावर नखांचे ताजे ओरखडे आहेत आणि वाटेवरच्या विष्ठेत कशाच्या बिया होत्या, यावरच बोलणे चालले होते. बंदुकीचा विषय शेवटी आला आणि चटकन संपला. त्या राज्यात अस्वलाला आमिष घालणे व त्यामागे कुत्री सोडणे या दोन्हींना मनाई आहे, त्यामुळे मोठी मंडळी असेल तर हाकाच करावा लागतो. त्यातही पंचवीसपेक्षा अधिक माणसे एका टोळीत चालत नाहीत. साधा शिकारीचा परवाना पुरत नाही, अस्वलासाठी वेगळा काढावा लागतो, आणि पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला प्रशिक्षणाचा वर्ग पूर्ण करावा लागतो. अंगावर आणि डोक्यावर भडक नारिंगी कपडा सक्तीचा, कारण हाक्यात धोका अस्वलापेक्षा समोरच्या ओळीतल्या आपल्याच माणसाच्या गोळीचा अधिक. जुन्या मराठी शिकारकथांवर वाढलेल्या माझ्यासारखीला हे सगळे काहीसे नीरस वाटले, हे खरे. ना वाघाची डरकाळी, ना पौर्णिमेचे चांदणे; नकाशा, परवाने, कॉफी आणि झाडांची नावे.

खरे महत्त्वाचे काम अस्वल पडल्यानंतरचे आहे, आणि आपल्या लेखात त्याला अर्धी ओळही मिळालेली नाही. पेनसिल्व्हेनियात मारलेल्या अस्वलाच्या कानाला जागीच पट्टी बांधावी लागते आणि चोवीस तासांच्या आत ते राज्याच्या तपासणी केंद्रावर न्यावे लागते. असे एक केंद्र मी पाहिले. गाड्यांच्या मागच्या बाजूला अस्वले, आजूबाजूला शाळकरी मुलांसह आलेली बघ्यांची गर्दी, आणि एका बाजूला काट्याला टांगून वजन करण्याची व्यवस्था. कर्मचारी आधी नर की मादी ते पाहतो, मग कान चाचपतो, मग तोंड उघडून सुळ्याच्या मागची एक बारीक उपदाढ चिमट्याने उपटतो. दाढ हरभऱ्यापेक्षा फार मोठी नसते आणि अस्वलाला चावण्यासाठी तिचा उपयोगही नसतो. प्रयोगशाळेत तिचा पातळ काप काढून रंगवला, की मुळावरच्या आवरणात दरवर्षी चढणारे थर सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात आणि जनावराचे वय कळते. मादीच्या दाढेत आणखी एक गोष्ट वाचता येते : ज्या वर्षी तिने पिल्ले वाढवली, त्या वर्षीचा थर अरुंद असतो. एवढ्याशा तुकड्यावरून ती मादी किती वर्षांची होती आणि तिने कधी-कधी पिल्ले वाढवली, याचा अंदाज बांधता येतो. मी वर्गात ही माहिती पुस्तकातून शिकवत आले होते. चिमट्यात धरलेली ती दाढ प्रत्यक्ष पाहिल्यावर त्या साऱ्या व्यवस्थेबद्दल माझे मत बरेच बदलले.

कान चाचपण्यालाही अर्थ आहे. उन्हाळ्यात राज्याचे जीवशास्त्रज्ञ पिंजऱ्यात अस्वले पकडून, त्यांच्या कानांना क्रमांकाची पट्टी लावून सोडून देतात. समजा, अशी शंभर अस्वले सोडली आणि नोव्हेंबरात तपासणीला आलेल्या चारशे अस्वलांपैकी वीस जणांच्या कानात पट्टी आढळली. म्हणजे दर वीस अस्वलांत एक पट्टीवाले. यावरून रानात एकूण दोन हजारांच्या आसपास अस्वले असावीत, असे गणित मांडता येते. (आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत.) विद्यार्थ्यांना आम्ही हेच गणित वाटाण्यांवर खुणा करून शिकवतो. पट्ट्या गळून पडतात, काही अस्वले पिंजऱ्याकडे फिरकतच नाहीत, शिकारी मोठे जनावर निवडतो, असे फरक त्यात धरावे लागतात. तरीही मुद्दा एवढाच, की तेथे शिकार ही गणनेचा दुसरा अर्धा भाग आहे. आपल्या येऊरच्या डोंगरात आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात बिबटे मोजायला कॅमेरे लावले जातात, कारण प्रत्येक बिबट्याच्या अंगावरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. काळ्या अस्वलाच्या अंगावर नक्षीच नाही. त्याला ओळखायचे तर कानातली पट्टी हवी, नाही तर काटेरी तारेत अडकलेल्या केसांतून जनुकीय तपासणी हवी. त्यामुळेच तपासणी केंद्रावर न नेलेले अस्वल तेथे गंभीर गुन्हा मानले जाते; ते केवळ एक जनावर चोरणे नसते, तर सगळे गणित बिघडवणे असते.

पेनसिल्व्हेनियाने १९७०, १९७७ आणि १९७८ या वर्षी अस्वलाचा हंगाम साफ बंद ठेवला होता. पुढे संख्या वाढली तसा हंगामही वाढवला, आणि २०१९ मध्ये ४,६५३ अस्वले मारली गेली, हा तेथला उच्चांक. आकडा वाचून अंगावर शहारा येतो, माझ्याही आला. पण ज्या खात्याने तीन हंगाम बंद ठेवून दाखवले, त्याच खात्याचा तो आकडा आहे, हे सांगितल्याशिवाय तो आकडा छापणे अपुरे ठरते. या कामाचा खर्चही बव्हंशी शिकारीच उचलतात : परवान्याचे शुल्क तर आहेच, शिवाय १९३७ च्या एका केंद्रीय कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवर ११ टक्के कर बसतो आणि ती रक्कम राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळते.

बेत फसला म्हणजे काय होते, ते फ्लोरिडाने दाखवले. तेथे एकवीस वर्षांच्या खंडानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये शिकार पुन्हा सुरू झाली. मर्यादा ३२० अस्वलांची ठेवली, मुदत आठवड्याची दिली, पण परवाने मागेल त्याला विकले. ते ३,७७८ झाले. चारपैकी दोन विभागांत पहिल्याच दिवशी हंगाम आटोपता घ्यावा लागला आणि दुसऱ्या दिवशी सगळीच शिकार थांबवली. दोन दिवसांत ३०४ अस्वले पडली. मेलेल्यांत माद्या निम्म्याहून अधिक होत्या आणि त्यांतल्या काही दूध पाजणाऱ्या होत्या. एकूण मर्यादा ओलांडली गेली नाही, असे खात्याचे म्हणणे होते आणि ते शब्दशः खरेही आहे. पण एका विभागात कोट्याच्या जवळपास तिप्पट अस्वले मारली गेली, हे त्या एका बेरजेत झाकले जाते. ऑक्टोबर निवडला, म्हणजे माद्या बिळात जाण्यापूर्वीचा काळ निवडला. परवान्यांना मर्यादा नाही, म्हणजे पहिल्या सकाळी रानात किती बंदुका असतील, हे कोणालाच ठाऊक नाही. या दोन चुकांत सगळे आले.

पुढे दहा वर्षे तेथे शिकार झाली नाही. २०२५ च्या डिसेंबरात ती पुन्हा झाली तेव्हा परवाने फक्त १७२ होते, सोडत काढून दिलेले, प्रत्येक परवान्यावर एकच अस्वल आणि पिल्लांसह असलेल्या मादीला हात लावायचा नाही. म्हणजे प्रत्येक शिकाऱ्याला यश आले, तरी मर्यादा ओलांडणे अशक्य. हंगामही ६ ते २८ डिसेंबर असा, उशिराचा. सोडतीसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज आले, आणि गंमत अशी, की शिकारीला विरोध असणाऱ्यांनीही पाच-पाच डॉलर भरून अर्ज केले, परवाना लागलाच तर तो न वापरता घरी ठेवण्यासाठी. मला हा विरोधाचा प्रकार आवडला. मोर्चात घोषणा देण्यापेक्षा त्यात हिशेब आहे.

हे सारे मी ठाण्यात बसून का लिहिते आहे, असे कोणी विचारील. कारण दूरचे नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या एका मॉलमध्ये बिबट्या शिरला, तेव्हापासून आमच्या इमारतीच्या गच्चीवर बसणाऱ्या मंडळींत एक वाक्य हमखास ऐकू येते : अमेरिकेत बघा, अस्वले वाढली की शिकारीला परवानगी देतात, आपल्याकडे जुन्नर-शिरूरच्या उसात बिबटे फिरताहेत आणि आपण पिंजरे लावत बसलो आहोत. अमेरिकेचा दाखला द्यायचा, तर पूर्ण द्यावा, एवढेच माझे सांगणे आहे. तेथे गोळी झाडण्याआधी किती प्रौढ माद्या आहेत, त्यांतल्या किती दरवर्षी वितात, किती जनावरांच्या कानात पट्टी आहे आणि मेलेल्या प्रत्येकाची दाढ कोण तपासणार, हे ठरलेले असते. शिवाय बिबट्या अस्वलासारखा दरवर्षी ठरलेल्या वेळी बिळात जात नाही. त्याच्या माद्या वर्षभर केव्हाही वितात, म्हणजे कोणत्याही महिन्यात मारली तरी मागे पिल्ले उपाशी राहण्याची शक्यता आहेच. जुन्नर परिसरात पकडलेले बिबटे दुसरीकडे सोडल्यावर सोडलेल्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले, हे वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास करून मांडले आहे. आपल्या कायद्यात माणसाच्या जिवावर उठलेल्या विशिष्ट जनावराला मारण्याची किंवा पकडण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. ती तरतूद हंगामी शिकारीची नव्हे. आपल्या लेखामुळे गच्चीवरच्या त्या वाक्याला छापील आधार मिळाला आहे, म्हणून मला राहवले नाही.

आमिषाबद्दल दोन शब्द. मेन राज्यात हंगामापूर्वी महिनाभर अस्वलांना शिळे डोनट, केक आणि काकवी घालून एका जागेची सवय लावतात आणि मग त्या जागेजवळ मचाणावर बसतात. यावर बंदी आणण्याचा प्रस्ताव तेथील मतदारांनी २००४ मध्ये आणि पुन्हा २०१४ मध्ये फेटाळला. समर्थकांचा युक्तिवाद मी प्रामाणिकपणे सांगते, कारण तो मादीशीच निगडित आहे : मेनची जंगले इतकी दाट आहेत की चालत्या अस्वलाकडे दोन क्षणांपेक्षा अधिक पाहता येत नाही, तर आमिषावर आलेले अस्वल दहा-पंधरा मिनिटे समोर राहते आणि ते नर आहे की मादी, तिची पिल्ले शेजारच्या झाडावर चढवून ठेवलेली आहेत का, हे नीट पाहता येते. लांबून नर-मादी ओळखणे फार अवघड असते, हे खरेच आहे. मोठ्या नराचे कान डोक्याच्या मानाने लहान आणि दूर-दूर दिसतात, एवढाच काय तो आधार. तरीही महिनाभर खाऊ घालून जेवणाच्या पानावर गोळी घालणे माझ्या मनाला पटत नाही, आणि हे शास्त्राचे मत नसून माझे आहे. आपल्या लेखाने मात्र आमिषाचे वर्णन करून, अस्वल दिसताच वेळ न दवडण्याचा सल्ला दिला आहे. आमिषाची एकमेव समर्थनीय बाजू वाट पाहण्याची, आणि नेमकी तीच लेखकाने काढून टाकली.

नोकरीनिमित्त तिकडे असलेल्या आपल्या मुला-मुलींसाठीही लेखात सावधगिरीच्या सूचना हव्या होत्या. एच-१बी किंवा पर्यटक व्हिसावर असणाऱ्याने बंदूक वा काडतुसे जवळ बाळगणे हा अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार गुन्हा आहे. एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना असेल, तर त्याला अपवाद आहे. म्हणजे मित्राची रायफल गंमत म्हणून हातात घेण्यापूर्वी परवाना खिशात हवा. अस्वलाचे कातडे भेट म्हणून ठाण्याला आणण्याचा विचार तर कोणी करूच नये. अमेरिकेतील काळे अस्वल आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात, म्हणजे सायटीसच्या दुसऱ्या परिशिष्टात, १९९२ पासून आहे. त्याच्या पित्ताशयाच्या आडून आशियातील दुर्मीळ अस्वलांचा माल विकला जाऊ नये, हे त्यामागचे मुख्य कारण. तिकडून निर्यातीचा परवाना नसेल, तर इकडे विमानतळावरच सीमाशुल्क खाते ते ताब्यात घेईल. पित्ताशयाची विक्री तर तिकडच्या अनेक राज्यांतही बंद आहे.

शेवटचा विषय मांसाचा, आणि तो मी आरोग्याच्या कारणाने मुद्दाम लिहिते आहे, कारण लेखात अस्वलाच्या मांसाचे कबाब निखाऱ्यावर हलके भाजून खावेत, अशी शिफारस आहे. अस्वलाच्या स्नायूंत ट्रिकिनेला नावाच्या सूत्रकृमीच्या अळ्या असू शकतात. डुकराच्या मांसातल्या अळ्या गोठवल्याने मरतात. थंड प्रदेशातल्या अस्वलांत आढळणारी जात गोठवल्यानेही मरत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका कुटुंबाने पंचेचाळीस दिवस गोठवलेल्या अस्वलाच्या मांसाचे कबाब केले. मांसाचा रंग मुळातच गडद असल्यामुळे ते आतून कच्चे राहिले, हे वेळेत लक्षात आले नाही. सहा जण आजारी पडले आणि त्यांतल्या दोघांनी मांस खाल्लेही नव्हते, त्याच्यासोबत शिजलेल्या भाज्या खाल्ल्या होत्या. तेव्हा आपले कोणी तिकडे असेल आणि शेजाऱ्याने प्रेमाने अस्वलाच्या मांसाची पिशवी आणून दिली, तर ते आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअसला शिजले पाहिजे, आणि सुरी-पाट वेगळे ठेवले पाहिजेत. माझ्या जावयाने निखाऱ्याचा हट्ट धरला होता. लेकीने ते मटणासारखे वाटण लावून कुकरला लावले आणि शिट्ट्या मोजल्या. कुकरमधले तापमान ११० अंशांच्या वर जाते, त्यामुळे माझा जीव भांड्यात पडला. चव विचाराल, तर किंचित गोडसर आणि चरबी फार.

छायाचित्राची दुरुस्ती आणि कबाबाबद्दलची सूचना आपण पुढच्या अंकात ठळकपणे छापावी, ही विनंती. जागेअभावी उरलेले पत्र कापावे लागले तरी चालेल. या दोन गोष्टींना मात्र कात्री लावू नये.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एक निवृत्त प्राध्यापिका
पाचपाखाडी, ठाणे (पश्चिम)